बाईचे काम आणि त्याची नोंद

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात वाचलेले भाषण)



आजच्या दिवशी मी चार शब्द बोलावे अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. विषय मात्र मोठा दिला आहे : देशाची आर्थिक प्रगती आणि स्त्रियांचे काम. विद्वान मंडळींनी यावर जाडजाड पुस्तके लिहिली आहेत. त्यातले काही मी वाचनालयात वाचले, काही मुलीने समजावून सांगितले. आकडे त्यांचे आहेत. त्यांवरचा हिशेब मी स्वयंपाकघरात बसून केला आहे. तो बरोबर आहे का, ते आपण पाहावे.

भगिनींनो, कोणी पाहुणा घरी येतो, घरधन्याला विचारतो, "वहिनी काय करतात?" उत्तर ठरलेले असते. "काही नाही, घरीच असते." हे उत्तर देणारा माणूस काही वाईट नसतो. त्याचे आपल्या बायकोवर प्रेमही असते. पण हे जे "काही नाही" आहे, त्यात काय काय आहे ते एकदा पाहू या.

आपल्या कन्नड तालुक्यातल्या कोणत्याही खेड्यात जा. बाई पहाटे उठते. झाडलोट, पाणी, गोठ्यातले शेणघाण, धार काढणे, चूल किंवा गॅस, भाकरी, पोरांची शाळा, म्हाताऱ्या सासूचे औषध. मग डोक्यावर भाकरीचे टोपले घेऊन वावरात जायचे. तिथे अद्रकाची निंदणी असेल, मक्याची खुरपणी असेल, दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी असेल. वेचणीत दिवसभर वाकून राहायचे, बोंडाची टोके बोटांना ओरबाडतात. संध्याकाळी येताना सरपण किंवा जनावरासाठी गवताचा भारा. घरी आल्यावर पुन्हा चूल. आणि आपल्या गावात, कन्नड शहरात, पाहिले तर कोणी शिलाई करते, कोणी पापड-कुरड्या लाटून देते, कोणी डबे करते, कोणी नवरा जेवायला गेला की किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बसते. हे सगळे मिळून "काही नाही, घरीच असते."

घरातले हे बोलणे घरातच राहिले असते तर आपण हसून सोडून दिले असते. पण हेच उत्तर दर दहा वर्षांनी सरकारच्या कागदावर चढते, आणि तिथून पुढे बाईची मजुरी, बाईची जमीन, बाईचा हक्क हे सगळे त्यावरून ठरते. म्हणून मला आज एवढेच सांगावयाचे आहे की, बाईला काम कमी नाही, कमी आहे ती कामाची नोंद. आणि जिथे जिथे नोंद झाली तिथे तिथे बाईच्या हातात काही ना काही आले. हे मी उदाहरणांनी सांगते.

आधी जनगणनेचे पाहू. जनगणनेत माणसांचे दोन भाग करतात. एक काम करणारे, दुसरे काम न करणारे. घरचा स्वयंपाक, धुणे, भांडी, मुलांचे संगोपन एवढेच जी करते ती "काम न करणारी" या भागात जाते. २००१ सालच्या जनगणनेत अशा सुमारे ३६ कोटी स्त्रियांना काम न करणाऱ्यांत धरले होते. त्याच गटात आणखी कोण होते? भिकारी होते, तुरुंगातले कैदी होते. २०१० साली एका अपघाताच्या नुकसानभरपाईच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे ही गोष्ट आली तेव्हा न्यायमूर्तींनीही तिच्यावर सक्त नापसंती दर्शविली. त्याआधी २००१ साली जमशेदपूरच्या आगीच्या खटल्यात याच न्यायालयाने मरण पावलेल्या गृहिणींच्या घरकामाचे मोल दरमहा ३००० रुपये धरले होते. ही आग १९८९ सालची. आता पाहा, बाई जिवंत असताना तिचे काम कोणी मोजले नाही. ती गेल्यावर न्यायालयाला ते मोजावे लागले. मोजता येत नाही असे जे म्हणतात, त्यांना हे उत्तर आहे.

बरे, घरकामाचे राहू द्या. शेतातल्या कामाचे तरी काय? नवऱ्याच्या वावरात बाई राबते, तिला मजुरी मिळत नाही, म्हणून विचारणाऱ्याला वाटे की ती काम करीत नाही, आणि सांगणाऱ्यालाही तसेच वाटे. पुष्कळ अभ्यासक स्त्रियांनी यावर तक्रार केली. तेव्हा १९९१ सालच्या जनगणनेत प्रश्नाला मुद्दाम जोड दिली की, घरच्या शेतात किंवा घरच्या धंद्यात बिनपगारी केलेले कामही सांगावे. त्यानंतर घरच्यापुरते दूधदुभते करणे हेही काम धरण्यात आले. म्हणजे प्रश्न नीट विचारला की जी बाई काल कागदावर नव्हती ती आज दिसू लागते. बाई तीच, वावर तेच, विळा तोच.

आता माझा हिशेब सांगते. २०१९ साली सरकारच्या सांख्यिकी खात्याने देशभर पाहणी केली की, माणसे दिवसाचे चोवीस तास कशात घालवतात. सहा वर्षांवरच्या शंभर स्त्रियांपैकी ८१ जणी दिवसात काही ना काही बिनपगारी घरकाम करतात असे दिसले. शंभर पुरुषांपैकी करतात ते २६. करणाऱ्या स्त्रीला त्यात रोज सरासरी २९९ मिनिटे लागतात, करणाऱ्या पुरुषाला ९७ मिनिटे. २०२४ साली पुन्हा अशी पाहणी झाली, तिच्यातही चित्र फारसे पालटलेले दिसत नाही.

२९९ मिनिटे म्हणजे एक मिनिट कमी पाच तास. त्यात आजारपण आले, दिवाळी आली, रविवार आला, सुट्टी नाही. वर्षाचे ३६५ दिवस धरले तर १८०० च्या वर तास होतात. कारखान्याच्या आठ तासांच्या पाळीने भागले तर २२७ दिवस. आता गंमत पाहा. जनगणनेत जो वर्षाचे सहा महिने किंवा जास्त काम करतो त्याला मुख्य कामगार म्हणतात. सहा महिने म्हणजे १८३ दिवस. बाई नुसत्या घरकामाचे २२७ दिवस भरते आणि तरी ती "काम न करणारी" ठरते. शेतातली मजुरी, वेचणी, दूधदुभते हे सगळे यात धरलेलेच नाही.

मग आर्थिक प्रगती म्हणजे काय, असा प्रश्न माझ्या मनात आला. आपल्या आज्या पहाटे उठून जात्यावर दळत होत्या. पायली-पायली जोंधळे, बाजरी दळून हाताला घट्टे पडत. त्या दळणाचा देशाच्या उत्पन्नात एक पैसाही धरला जात नव्हता. मग गावात पिठाची गिरणी आली. पीठ तेच, पण आता दळणाचे पैसे द्यावे लागतात, गिरणीवाल्याचा धंदा झाला, त्याची मिळकत देशाच्या उत्पन्नात आली. बाईने डोक्यावरून हंडे आणले तर ते काम नाही. टँकरने पाणी आणले तर त्याचे बिल निघते. गिरणी आली हे फार चांगले झाले, बायांची पाठ वाचली. मी जात्याकडे परत चला असे म्हणत नाही. पण एक गोष्ट लक्षात ठेवा की, ज्या क्षणी बाईच्या कामाचा धंदा झाला त्या क्षणी तो बाईच्या हातून गेला. गिरणीची मालकीण झालेली बाई आपल्यापैकी किती जणींनी पाहिली आहे?

डेन्मार्क देशात एस्टर बोसरप नावाच्या एक विदुषी होऊन गेल्या. त्यांनी १९७० साली एक पुस्तक लिहिले, स्त्रिया आणि आर्थिक विकास याच विषयावर. अनेक देशांची शेती पाहून त्यांनी असे दाखवले की, नवे यंत्र, नवे शिक्षण, नवे कर्ज हे आधी पुरुषाकडे जाते, आणि बाई जुन्या हत्याराने जुनेच काम करीत मागे राहते. त्या बाई काही कन्नडला आल्या नव्हत्या, पण आपल्या वावरात पाहिले तर त्यांचे म्हणणे पटते. नांगराच्या जागी ट्रॅक्टर आला, तो पुरुष चालवतो. मळणीयंत्र आले, ते पुरुषाचे. बाईच्या हाती खुरपे होते ते खुरपेच राहिले. आणि आता तणनाशकाची फवारणी आली तेव्हा निंदणीची मजुरी तेवढी कमी झाली. फवारणीचा पंप पुरुषाच्या पाठीवर, त्याची मजुरी जास्त. कापसाची वेचणी मात्र अजून हातानेच होते, ती बाईकडे. जे यंत्राने होते ते पुरुषाचे आणि जे वाकून होते ते बाईचे, अशी ही वाटणी आहे.

इथे कोणी म्हणेल की, बाईमाणसाची ताकद कमी, म्हणून मजुरी कमी. यावर आपल्या महाराष्ट्राने एक फार मोठे उत्तर दिलेले आहे, आणि त्या गोष्टीचा आपल्याला अभिमान वाटला पाहिजे. ती गोष्ट मी जरा सविस्तर सांगते.

१९७२ च्या दुष्काळाचे नाव काढले की आपल्याकडच्या म्हाताऱ्या मंडळींच्या अंगावर आजही काटा येतो. दोन-तीन वर्षे पाऊस ओढ देत आला आणि ७२ साली अगदीच पाठ फिरवली. आपला जिल्हा त्या दुष्काळात होरपळून निघाला. विहिरी आटल्या, जनावरे बाजारात मातीमोल गेली. परदेशातून आलेला तांबडा मिलो लोकांनी खाल्ला, कामावर मुलांना सुकडी वाटली गेली. सरकारने दुष्काळी कामे काढली : रस्ते, पाझर तलाव, नालाबांध, खडी फोडणे. १९७३ च्या मे महिन्यात अशा कामांवर महाराष्ट्रात पन्नास लाखांच्या घरात माणसे होती. ज्या बायांनी कधी गावची वेस ओलांडली नव्हती, ज्यांचा पदर डोक्यावरून ढळत नसे, त्या बाया खडी फोडायला बसल्या. जातपात, लहानमोठे घर, कशाचाही विचार उरला नाही. पोटापुढे सगळे सारखे.

त्याच काळात विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची एक कल्पना मोठ्या प्रमाणावर अमलात आली. पागे हे सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातले, विसापूरचे. त्यांचे म्हणणे साधे होते. ज्याला काम पाहिजे आणि जो अंगमेहनतीला तयार आहे, त्याला काम देणे हे सरकारचे कर्तव्य. हीच रोजगार हमी योजना. वसंतराव नाईक त्या वेळी मुख्यमंत्री होते. पुढे १९७७ साली विधिमंडळाने तिचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. त्याचा खर्च भागविण्यासाठी १९७५ साली शहरातल्या नोकरदार व धंदेवाल्या लोकांवर व्यवसाय कर बसविला होता. मुंबईच्या पगारदाराच्या पगारातून कापलेला पैसा खेड्यातल्या बाईच्या मजुरीला लागला, असे या देशात त्याआधी क्वचितच घडले असेल.

आता त्यात बाईच्या दृष्टीने काय होते ते ऐका. काम मागणाऱ्या प्रौढ माणसाने अर्ज करावयाचा. त्यात बाई की पुरुष हा भेद नव्हता. नवऱ्याची सही लागत नव्हती. काम गावाच्या जवळपास, त्यामुळे तान्ह्या मुलाला पाठीशी बांधून जाता येई. कामावर सावली, पाणी आणि लहान मुले सांभाळण्याची सोय असावी असा नियम होता. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे मजुरी मापावर होती. जेवढी चौकडी खणली, जेवढी माती वाहिली, तेवढे पैसे. चौकडी बाईने खणली की पुरुषाने, ते मातीला कळत नाही. सरकारी मापाने बाईला आणि गड्याला एकच दर मिळाला. समान वेतनाचा कायदा देशात १९७६ साली झाला, पण खेड्यातल्या बाईने समान मजुरी प्रथम पाहिली ती रोजगार हमीच्या कामावर.

परिणाम काय झाला? कितीतरी कामांवर बायांची संख्या निम्म्याच्या घरात असे. ज्यांना "घरीच असते" म्हणत त्या इतक्या संख्येने कशा आल्या? कारण त्या घरी नव्हत्याच. त्या कामच करीत होत्या, त्यांना रास्त दाम आणि गावाजवळ काम मिळाल्याबरोबर त्या दिसू लागल्या. हजेरीपटावर त्यांचे स्वतःचे नाव लागले. अमक्याची बायको, तमक्याची आई असे नव्हे. ज्यांनी कधी स्वतःचे नाव कागदावर पाहिले नव्हते त्यांच्या नावापुढे अंगठा आणि अंगठ्यापुढे रक्कम आली.

सगळे गोडच होते असे मी म्हणणार नाही. पाळणाघराचा नियम पुष्कळ ठिकाणी कागदावरच राहिला. माप घेण्यात कुचराई झाली, पैसे वेळेवर मिळाले नाहीत. नवराबायको एका टोळीत असले म्हणजे दोघांचे पैसे पुष्कळदा त्याच्याच हातात पडत. म्हणून २००५ साली संसदेने सबंध देशासाठी ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, त्यात या दुखण्यांवर औषध शोधण्याचा प्रयत्न झाला. कामावर निदान एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात असे ठरले. पाच किंवा जास्त लहान मुले असतील तर त्यांना सांभाळणाऱ्या बाईला मजुरीच द्यावी असे ठरले. हे दुसरे कलम मला फार महत्त्वाचे वाटते. मूल सांभाळणे हे काम आहे आणि त्याला मजुरी आहे, असे देशाच्या कायद्यात त्यामुळे लिहिले गेले. पुढे मजुरी बँकेच्या किंवा पोस्टाच्या खात्यात जमा होऊ लागली. योजनांची नावे बदलतात, कायदे बदलतात. पण महाराष्ट्राच्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या बायांनी जे सिद्ध केले ते बदलणारे नाही.

आता दुसरी नोंद. ती सातबाऱ्याची.

खेड्यात काम करणाऱ्या दर चार बायांपैकी तीन जणी शेतीत काम करतात. पण २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातल्या शंभर वहिवाटींपैकी सुमारे चौदाच स्त्रियांच्या नावावर निघाल्या. म्हणजे राबणारे हात पुष्कळ आणि मालकी मूठभर. ज्याच्या नावावर जमीन तो शेतकरी. पीककर्ज मागायला गेले तर सातबारा दाखवा. पीकविमा, सातबारा दाखवा. २०१९ साली शेतकरी सन्मान निधी सुरू झाला तोही जमिनीच्या नोंदीवरच. आणि घरातला कर्ता पुरुष अचानक गेला, आपल्या मराठवाड्यात ही वेळ किती घरांवर आली ते आपणास ठाऊक आहे, तर जमीन सासऱ्याच्या नावावर, वारसाची नोंद झालेली नाही, दीर-भावकीचे म्हणणे वेगळे. आणि ती बाई पोरांना घेऊन कचेरीच्या पायऱ्या चढते-उतरते. ती पंधरा वर्षे त्या वावरात राबलेली असते, पण कागद म्हणतो, ही कोण?

हा प्रश्न शेतकऱ्यांच्याच चळवळीत उभा राहिला. १९८६ च्या नोव्हेंबरात नाशिक जिल्ह्यात चांदवड येथे शेतकरी संघटनेने स्त्रियांचे मोठे अधिवेशन भरवले. लाखांनी बाया आल्या. त्यानंतर शरद जोशी यांनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम दिला. त्याचे तत्त्व असे : घरच्या लक्ष्मीने आयुष्यभर राबून जे मिळवले त्याचे ऋण फेडायचे म्हणून नवऱ्याने आपल्या हाताने थोडी तरी जमीन तिच्या नावावर करावी. ज्या गावात शंभर शेतकरी असे करतील ते गाव लक्ष्मीमुक्त. आपला औटराम घाट उतरला की जळगाव जिल्हा लागतो. त्याच जिल्ह्यातल्या विटनेर या गावाने यात पुढाकार घेतला. तिथले पुरुष काही आकाशातून पडलेले नव्हते. आपल्यासारखेच कापूसवाले शेतकरी होते. त्यांना जमले. १९९२ साली सरकारनेही परिपत्रक काढले की, नवऱ्याने अर्ज दिल्यास बायकोचे नाव सहधारक म्हणून सातबाऱ्यावर लावावे. घरासाठीही २००३ साली "घर दोघांचे" असा निर्णय झाला. मुलींच्या वाट्याचे तर कायदे आहेतच : १९५६ चा वारसा कायदा, १९९४ साली महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत दिलेला हक्क आणि २००५ साली सबंध देशाला लागू झालेला तोच हक्क.

कायदे झाले, परिपत्रके झाली, पण आपण काय केले? भाऊ कागद पुढे करतो, बहीण हक्कसोडपत्रावर सही करते. का करते? माहेरची वाट बंद होऊ नये म्हणून, दिवाळीला भावाने बोलवावे म्हणून. मी त्या बहिणीला नावे ठेवीत नाही. तिचे दुःख मला कळते. पण सासरी नाव नाही आणि माहेरी होते ते आपल्याच हाताने पुसले, अशी मधल्यामध्ये लोंबकळणारी बाई उद्या संकट आल्यावर कुठे उभी राहील, याचा विचार सही करण्याआधी तिने आणि तिच्या भावानेही करावा.

याउलट एक नोंद मात्र बाईच्या नावावर चटकन होते. ती म्हणजे कर्जाची. महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ साली स्थापन झाले, पुढे गावोगाव बचत गट झाले. बचत गटांनी आपले पुष्कळ भले केले. बाई बँकेत गेली, सही शिकली, चारचौघींत बोलू लागली. आपल्या मंडळातल्याही कितीजणी त्यातून पुढे आल्या आहेत. पण गटाचे कर्ज बाईच्या नावावर आणि त्यातून घेतलेली मोटारसायकल किंवा विहिरीची मोटार दुसऱ्याच्या नावावर, असे आपण पाहतोच. हप्ता फेडायची जबाबदारी आपली असेल तर वस्तूवर नावही आपले असावे, एवढे तरी म्हणायला काय हरकत आहे?

२०२४ साली राज्य सरकारने लाडकी बहीण योजना सुरू केली, दरमहा १५०० रुपये बाईच्या खात्यात येऊ लागले. त्या पैशांनी कोणाचे औषध झाले, कोणाच्या मुलीची फी गेली. घेणाऱ्या बाईने त्यात कमीपणा मानू नये. मात्र मदत वेगळी आणि मोल वेगळे. मदत देणाऱ्याच्या मर्जीवर असते, मोल कामावर असते. मदत मिळाली म्हणून मोल मागायचे विसरू नये.

आता काही वडीलधाऱ्या मंडळींच्या मनात येईल की, ही बाई घरात हिशेबाची वही घेऊन बसायला सांगते आहे. आईने मुलाला भरवले त्याचे काय पैसे घ्यायचे? सासूचे पाय चेपले त्याची काय पावती करायची? नाही, तसे मला म्हणावयाचे नाही. देवळातल्या दानपेटीचाही हिशेब ठेवतात, त्याने कोणाची भक्ती कमी होत नाही. हिशेब ठेवला म्हणजे एवढेच होते की, कोणी किती दिले ते सर्वांना कळते. ममता ममतेच्या जागी राहील. पण ममतेच्या नावाखाली एकीने पाच तास आणि दुसऱ्याने शून्य तास, हे ममतेतही बसत नाही.

आणखी एक शंका येते की, नोंद करून काय होणार, कागदाने का पोट भरते? याचे उत्तर आपल्याच तालुक्यात दोन हजार वर्षांपासून दगडावर लिहिलेले आहे. गौताळ्याच्या जंगलात पितळखोऱ्याची लेणी आहेत. सहलीला आपण कितीदा गेलो असू. तिथे खांबांवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावे कोरली आहेत. पैठणचा एक सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे, मगिल नावाचा एक राजवैद्य आहे, आणि त्या राजवैद्याची मुलगीही आहे. तिचे दान तिच्या नावाने नोंदले आहे. त्या लेण्याला पाणी वाहणाऱ्या, दगड-माती उपसणाऱ्या, कारागिरांना भाकरी करून घालणाऱ्या बाया त्या काळी असतीलच. त्यांचे नाव कोणाला ठाऊक नाही. जिची नोंद झाली ती दोन हजार वर्षांनी आपल्याला भेटते. नोंदीचे बळ ते हे.

असो. वेळ होत आला. नुसते बोलून उठू नये, काही करून दाखवावे, अशी आपल्या मंडळाची रीत आहे. म्हणून मी चार सूचना करते.

पहिली सूचना जनगणनेची. २०२१ साली व्हायची जनगणना महामारीमुळे मागे पडली. तिच्यासाठी १ मार्च २०२७ ही गणनेची तारीख सरकारने २०२५ साली जाहीर केली. प्रगणक दारी येतो तेव्हा उत्तर घरधन्यावर सोडू नका. स्वतः पुढे या. वावरात जात असाल, गाई-म्हशींचे करीत असाल, शिलाई, पापड, डबे, दुकान, जे करीत असाल ते स्पष्ट सांगा. आणि आपल्या गल्लीतल्या ज्या बायांना सांगता येत नाही त्यांच्या दारी मंडळाच्या दोघी-दोघींनी आधीच जाऊन हे समजावून द्यावे.

दुसरी सूचना नावाची. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांनी सहधारक म्हणून नाव लावण्याची गोष्ट घरात काढावी. भांडून नव्हे, बोलून. आपल्या कन्नडच्या तहसील कचेरीत अर्ज कसा द्यावा, कोणते कागद लागतात, हे एखाद्या जाणत्या वकिलास किंवा निवृत्त महसूल कर्मचाऱ्यास मंडळात बोलावून समजून घ्यावे. घर असेल तर घराचेही तसेच.

तिसरी सूचना मुलांची. मुलगी भांडी घासते आणि मुलगा उठून हातही धूत नाही, हे आपल्याच घरात आपल्याच डोळ्यांसमोर होते. शंभरात २६ पुरुष घरकाम करतात तो आकडा वाढवायचा असेल तर तो दिल्लीहून वाढणार नाही. तो आपल्या मोरीजवळ वाढेल. मुलाने स्वतःचे ताट घासावे, कपड्यांच्या घड्या कराव्या, कुकर लावावा. उद्या तो पुण्या-मुंबईला शिकायला गेला की त्याचेच भले होईल.

चौथी सूचना वहीची. येत्या महिन्यात एक आठवडा प्रत्येक सभासद भगिनीने वही ठेवावी. सकाळी उठल्यापासून रात्री निजेपर्यंत काय काम केले आणि त्याला किती वेळ लागला, एवढेच लिहावे. जिला लिहिता येत नाही तिचे तिच्या मुलीने किंवा शेजारणीने लिहावे. सात दिवसांच्या या वह्या मंडळात एकत्र आणून त्यांची बेरीज करावी आणि पुढच्या स्मरणिकेत ती छापावी. दिल्लीची पाहणी दिल्लीने केली, कन्नडची आपण करू. ती बेरीज पाहून मागच्या रांगेतल्या बंधूंनाही, पाहुणा आला असता काय उत्तर द्यावे, ते सुचेल अशी मला आशा आहे.